वजनाचा दिवस

"स्वेटर काढ. बूट पण काढ," आई धाकटीला म्हणाली. "आणि हलू नकोस. बाई रागावतात."

आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात पोरांच्या वजनाची रांग लागली होती आणि प्रत्येक आईची काही ना काही चलाखी चालली होती. एकीने पोराच्या तोंडात आत्ताच दोन केळी कोंबली होती. दुसरीने एवढं पाणी पाजलं होतं की पोरगं चालताना डुचमळत होतं. तिसरीने तर चड्डीच्या खिशात घराचं कुलूप घातलं होतं. नर्सबाईंचा धाकच तसा होता. वजन घटलं की सगळ्यांदेखत पाणउतारा ठरलेला. "जन्माला तुम्ही घालता, मग खायला कोण घालणार? मी?"

धाकटीची आई त्यातली नव्हती. ती पोरीला दर महिन्याला उपाशीपोटी आणायची, पाण्याचा घोटही न देता. काट्यात खोट नको, असं तिचं म्हणणं. आताही तिने फ्रॉकचा खिसा उलटा करून झटकला. शेंगदाण्याचं एक तांबडं साल खाली पडलं. आईने ते उचललं, जरा वेळ पाहिलं आणि बटव्यात टाकलं.

"बघा गं बायांनो!" नर्सबाई ओरडल्या. "हिला सालाचंसुद्धा वजन नको. आणि तू, ते कुलूप काढ बाहेर. मी काय आंधळी आहे?"

धाकटी काट्यावर चढली. वय पाच, दिसायला तीनची. आईने काट्याकडे बघितलंच नाही, ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली. तक्त्यावर वर हिरवा पट्टा, खाली लाल. लालमधल्या पोरांना केंद्रातून महिन्याची पिशवी मिळायची. अंडी, डाळ, शेंगदाणे, दुधाची पावडर. धाकटी दीड वर्ष लालमध्येच होती.

"तेरा किलो आठशे!" नर्सबाईंनी चष्मा वर केला. "अगं, शंभर ग्रॅम वाढली की! अजून दोनशे, की पोरगी हिरव्यात. मग माझी पिशवी बंद आणि तुझ्या चकराही बंद."

आईने भिंतीला हात टेकला. तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय वेडे? पेढे वाट!" नर्सबाईंचाही आवाज ओला झाला. बाई तोंडाने फटकळ होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या. "मला एकच कळत नाही. तुझा थोरला चांगला दणकट आहे. मधला तर नुसता भोपळा. एकाच घरात जेवतात ना? मग हिच्याच हाडांवर मांस का चढत नाही?"

"अंगी लागत नाही, बाई."

"जंत असतील. औषध देते."

या वर्षातलं ते चौथं औषध होतं. आईने मान डोलावून घेतलं.

"थांब, जाऊ नकोस," नर्सबाई म्हणाल्या. "नवरा पाठ मोडून दीड वर्ष घरात पडलाय, ही दुसऱ्यांची भांडी घासते, तरी हिची पोरं बघा. सांग जरा यांना, कसं भागवतेस ते."

आई आधी लाजली. मग हळूहळू बोलायला लागली आणि बायका ऐकतच राहिल्या.

"बाजार उठायच्या वेळेला जायचं. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची देठं भाजीवाली अशीच देऊन टाकते, तिचं ओझं कमी होतं. कडधान्यं भिजवून मोड आणायचे, एका मुठीच्या दोन मुठी होतात. शेंगदाणे सालासकट द्यायचे, साल फेकायचं नाही. आणि बिस्किटं घरात आणायचीच नाहीत. नुसता मैदा आणि वर रंगीत कागद. कागद आपण फेकतो आणि मैदा पोरांना चारतो."

बायका हसल्या. कुलूपवालीने विचारलं, "पण ताई, एवढ्याशात पाच तोंडं भरतात?"

"भरावी लागतात. कुणाला किती वाढायचं, हे आईला कळलं पाहिजे."

"ऐका!" नर्सबाई म्हणाल्या. "हिचा फोटो लावला पाहिजे इथे."

पिशवी घेऊन दोघी निघाल्या. रस्त्यात धाकटीने दोनदा बसकण मारली. दुसऱ्यांदा आईने तिला कडेवर उचललं.

"आई, तू रागावलीस?"

"नाही गं."

"मग रडलीस का?"

"गप्प बस. दम लागेल तुला."

घरी गेल्या गेल्या आईने अंडी उकडायला ठेवली. डाळ शिजली, पाला चिरून त्यात पडला, घरभर वास सुटला. थोरला आणि मधला हात धुऊन आले. नवरा भिंतीला टेकून कसाबसा उठून बसला.

"काय झालं आज?" त्याने विचारलं.

"पिशवी मिळाली," आई म्हणाली.

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला.

आईने अंडी सोलली. दोन नवऱ्याला, दोन थोरल्याला, दोन मधल्याला. घट्ट डाळही तिघांना. स्वतःसाठी तिने पातेल्याची खरवड ठेवली. धाकटीच्या वाटीत डाळीवरचं पाणी ओतलं आणि वाटी तिच्या हातात दिली. धाकटी वाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली, रोजच्यासारखी.

मग आईने बटवा उघडला. ते तांबडं साल काढून थोरल्याच्या ताटाच्या कडेला ठेवलं.

"शंभर ग्रॅम वाढली ती," आई म्हणाली. "कुणी दिले हिला शेंगदाणे?"

थोरल्याने मान खाली घातली. त्याचा घास हातातच राहिला.

"दादाला मारू नको, आई," धाकटी भिंतीकडे बघतच म्हणाली. "पुढच्या महिन्यात मी लालमध्येच राहीन."