सासर मानवत न्हाई

"उषा, बस कर आता," कडूबा झोपेतच म्हणाला.

खरखर थांबली नाही. त्यानं डोळे उघडले. टळटळीत दुपार होती. मागच्या दाराच्या चौकटीला टिप्या हनुवटी घासत होता. उषाला जाऊन नऊ महिने झाले होते. आवाज मात्र तोच होता.

उषा तिथंच उभी राहून हात घासायची. तिच्या कोपराच्या उंचीला चौकटीचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. आता खाली, गुडघ्याच्या उंचीला, दुसरी जागा गुळगुळीत होत चालली होती. कडूबा त्या चौकटीकडं बघत नसे. गोठ्यात जायचं तरी तो पुढच्या दारानं, घराला वळसा घालून जायचा.

टिप्या तिचा कुत्रा. राजूरच्या बाजारातून तिनं तो पिशवीत घालून आणला होता. शेवटच्या तापात ती एकच वाक्य बोलली, टिप्याला उपाशी ठेवू नका. आता त्याचं पोट सोलून निघालं होतं. काखेतून पाणी येत होतं. दोन दिवसांपासून त्यानं भाकरीला तोंड लावलं नव्हतं. तिनं सांभाळायला दिलेली ही एकच गोष्ट, तीही हातून चालली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत कडूबानं टिप्याला बैलगाडीत पोत्यावर बसवून राजूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नाहिद यांनी कातडीवरचा कोंडा काचेवर घेऊन पाहिला. "खरूज नाही. काय काय लावलं काका?"

"लिंबाचा पाला. करंजीचं तेल. मंग ग्यारेजवाला संपत म्हन्ला, जळकं ऑइल लाव."

"संपतला लावा ते. कुत्रं चाटतं ना. झोपतो कुठं हा?"

"घरामागं. गाजरगवतात."

डॉक्टरांनी टिप्याला उताणं केलं. पोट, काखा, पंजे, हनुवटी लाल होती. पाठ स्वच्छ होती. "बघा, गवत जिथं लागतं तिथंच आहे सगळं. गोळ्या देते, खाज दबेल. पण गवत राहिलं तर बिलकुल जाणार नाही. दहा दिवस पुढच्या अंगणात बांधा. बाहेरून आला की पाय धुवा. आणि ते गवत उपटून टाका. उघड्या हातानं नको. माणसांनाही होतं हे. घरात कुणाला खाज आहे का?"

कडूबानं टिप्याचा पट्टा हाताला गुंडाळला.

"घरात कोणी न्हाई," तो म्हणाला.

त्यानं टिप्याला पुढं बांधलं. गोळ्या गुळात घालून दिल्या. चौथ्या दिवशी टिप्यानं अख्खी भाकरी खाल्ली. आठव्या दिवशी दुपारी कडूबा दचकून उठला. घरात कसलाच आवाज नव्हता. तो बराच वेळ कान देऊन बसला.

आठ दिवस. उषा माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला, जायची तेव्हाही आठच दिवस लागायचे. बरे झालेले हात घेऊन यायची. इथं आली, शेतात निंदायला बसली, की परत सुरू. कडूबा पारावर सगळ्यांपुढं म्हणायचा, "आमच्या हिला सासर मानवत न्हाई. माहेरी गेली की खाज गायब." माणसं हसायची. एकदा पाण्याची घागर घेऊन जाताना तिनं ते ऐकलं. तीही हसली, आणि पदर ओढून तिनं हात झाकून घेतले.

कडूबा उठला. खुरपं शोधू लागला. खुरपं उषाचं. घरातल्या पुरुषानं ते कधी हातात धरलं नव्हतं. ते आढ्याला खोचलेलं सापडलं. त्याभोवती कडूबाचेच जुने पायमोजे गुंडाळलेले होते. हे हरवले म्हणून त्यानं एकदा घर डोक्यावर घेतलं होतं. मोज्यांना पुढून बोटांसाठी भोकं पाडलेली होती. वर मनगटापाशी नाडी शिवलेली होती.

त्यानं ते हातात घातले. नाडी दातांनी ओढून बांधली. मग मागच्या दारानं बाहेर पडला.

गवत कमरेइतकं होतं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. गोठ्याच्या भिंतीपासून ते थेट मोरीच्या पाण्यापर्यंत. उषा याच्यातूनच रोज शेण काढायला जायची. त्यानं खाली बसून पहिलं झाड मुळासकट काढलं. मग दुसरं. दिवस मावळेपर्यंत निम्मं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत बसला.

शेजारची बेबीनंदा कुडापलीकडून बघत होती. ती आणि उषा एकाच ओळीत निंदायच्या.

"भाऊजी, खुरपं धरता येतं व्हय तुम्हाला?"

"येतं."

"मला वाटलं, गड्यांच्या हातात ते बसतच न्हाई." ती कुडाला टेकली. "बरं करून राह्यले. कुत्रं सुधारलं म्हनं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं व्हय, गवत काढा म्हणून?"

कडूबानं हातातलं झाड ढिगावर टाकलं.

"उषानं सांगितलं."

बेबीनंदाचा चेहरा उतरला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या हातांतल्या मोज्यांकडं पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "कधी, भाऊजी?"

त्यानं मान वर केली नाही.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."