ताईचं वय

"बासष्ट," मुलाने आईचं वय सांगितलं आणि लगेच खुर्चीवरून उठला.

समोर इस्पितळात अवयवदानाचं काम पाहणाऱ्या बाई बसल्या होत्या. पलीकडच्या खोलीत त्याच्या आईचा श्वास यंत्रावर चालू होता, पण मेंदू कायमचा बंद पडला होता. डॉक्टरांनी दोनदा तपासून तसं सांगितलं होतं. आई गेली होती. निदान तिच्या किडन्या तरी कुणाला लागाव्यात, ती अख्खी संपू नये, एवढंच त्याला हवं होतं. पण पासष्टीपुढच्या माणसाची किडनी घेत नाहीत, असं त्याच्या कानावर होतं.

तो खिडकीपाशी गेला, परत आला. बाटली उघडली, पाणी न पिताच बंद केली. आईने उभ्या जन्मात कुणाला वयाचा पत्ता लागू दिला नव्हता. ओळखपत्रावरसुद्धा तिने अकरा वर्षं गिळली होती. मग आपणही तोच आकडा सांगितला तर काय बिघडलं? पण एक विचार पाठ सोडेना. ज्याला किडनी बसवतील, त्याचं काही बरंवाईट झालं तर?

"तुम्ही यांच्या आईंच्या थोरल्या बहीण का?" बाईंनी कोपऱ्यात रडत बसलेल्या मावशीला विचारलं.

मावशीचं रडणं थांबलं.

"थोरली? अहो, मी धाकटी! मला एकोणसत्तर पूर्ण झाली. आणि हा घोडा अठ्ठेचाळीसचा आहे. करा हिशोब!"

मुलाने कपाळाला हात लावला. "त्र्याहत्तर. खोटं बोललो मी. आता नाही ना घेणार?"

"घेणार की. देणाऱ्याला वयाची तशी अट नाही. किडनी कशी आहे ते बघतो, आणि आईंची ठणठणीत आहे. पण खरं वय लागतंच. ज्याला किडनी मिळणार, त्याला ते सांगावं लागतं."

तो परत खुर्चीवर बसला. आता त्याला रडू फुटलं. त्याने सहीसाठी पेन उचललं, तोच मावशीने त्याचा हात धरला.

"थांब रे. परक्या माणसाला ताईचं वय सांगणार?" ती बाईंकडे वळली. "आणि नाव?"

"नाव नाही. ते कुणालाच कधी कळत नाही."

मावशीने हात सोडला, पदराने डोळे पुसले.

"मग कर सही. ताईची हरकत नाही."