स्मारकावरचं नाव

सिंगापूरच्या युद्धस्मारकात, लढाईत मेलेल्यांच्या नावांमध्ये, गोपिकाला सैन्यात जाऊन बेपत्ता झालेल्या वडिलांचं नाव सापडलं. तीस वर्षं रोज ओट्यावर बसून रस्त्याकडे डोळे लावणाऱ्या आईला हे सांगायचं नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

नागपूरला घरी पोचताच आईनं विचारलं, "सापडलं का वं नाव?"

"नाही. बाबा कुठंतरी जिवंत असतीन."

आईचा हात कपाळावरच्या जुन्या व्रणाकडे गेला. भर दुपारी तिनं दाराची कडी घातली. "म्हणजे तो अजून येऊ शकते. आता आला तं जित्ती नाही सोडणार मले."

गोपिका हादरली. "आई, खोटं बोलली मी! नाव आहे तिथं. बोट लावून वाचलं मी."

"मले समजावू नको आता, बाई," म्हणत आई दाराला खाट लावू लागली.