प्रवासाची अख्खी गोळी

मुलं वर्षातून आठच दिवस वसंताकडे यायची, म्हणून त्यानं जैसलमेरपर्यंतचा बेत सहा महिने खपून आखला होता. दशम्या बांधल्या, पाण्याचे कॅन भरले. निघताना त्यानं रेणूला आणि अद्वयला प्रवासाची गोळी दिली. औषधवाल्यानं ती वसंताच्याच बेतावरून बनवली होती. लहानांनी अर्धी घेतली की वाळवंटातला रटाळ रस्ता आधीच पाहून झाल्यासारखा वाटे, मग "कधी येणार?" म्हणून डोकं खाणं बंद. वसंतानं लाडानं अख्खी दिली.

गाडी कोपऱ्यावरही पोचली नव्हती, तोच अद्वय म्हणाला, "बाबा, काय धमाल आली. आता आईकडे सोड."

"अरे, अजून निघालोय कुठे?"

"तू उंटावरून पडलास तेव्हा हसून हसून मला शू झाली," रेणू म्हणाली. "आणि वाळूत आडवं पडून किती बोललो आपण."

वसंतानं गाडी कडेला घेतली. गाडी चालवणाऱ्यानं ती गोळी घ्यायची नसते.

"काय बोललो गं मी?" त्यानं हळूच विचारलं.

"असं काय रे बाबा? तू होतास ना तिथे."