दुसरं उत्तर

शुद्धीवर आल्यापासून नवरा तिसऱ्यांदा "तू म्हणशील तसं" म्हणाला, आणि कालिंदीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर फडतऱ्यांवर त्या कडाडल्या, "कोणाला परत आणलंत हो?"

"काकू, ऑपरेशनआधी अख्खा मेंदू साठवता येत नाही. सुडोकूसारखं असतं बघा. मोजक्या आठवणी ठेवतो, त्यांवरून यंत्र बाकीचा माणूस सोडवतं. काकांची ठेवलेली एकूण एक आठवण जुळली आहे."

"सुडोकू मला शिकवू नका! रोज सकाळी पेपरातलं सुडोकू आम्ही दोघं सोडवायचो. हे पेनानं ठोकून द्यायचे, मी चुका काढायची, आणि चहा गार होईपर्यंत भांडण. दिलेले आकडे कमी पडले की एकाच कोड्याला दोन उत्तरं निघतात, आणि दोन्ही नियमात बसतात. तुमच्या यंत्रानं दुसरं शोधलं का?"

"पहिलं जुळलं की ते थांबतं," डॉक्टर चाचरत म्हणाले.

"काय गाळलंत?"

डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. "भांडणं. रोजचीच होती, बाकीच्या आठवणींवरून आपोआप येतील असं धरलं."

बाईंनी पेपर ओढला, सुडोकूच्या एकाच ओळीत मुद्दाम दोन नऊ खरडले आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरले. "काय हो, बरोबर आहे हे?"

त्यानं दोन्ही नऊ नीट पाहिले आणि गोड हसला.

"तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार."