नव्या कातडीचं तेल

खव्याच्या भट्टीवर उकळतं दूध नऊ वर्षांच्या कस्तुरीच्या उजव्या हातावर सांडलं, तेव्हा कढई तिच्या बापाच्या, भिकोबाच्याच हातात होती. ऑपरेशन करून नवी कातडी लावली. जखम भरली, पण कातडी कोरडी पडून बोटं आत वळू लागली.

"या कातडीला स्वतःचं तेल सुटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते तुम्हीच द्यायचं. दिवसातून चार वेळा हात ओला करून खोबरेल चोळा, नाहीतर बोटं अशीच राहतील."

भिकोबाने तेल घेतलं. त्याचा तळवा लागताच पोरीने हात मागे ओढला. तो चरकला. लेकीने आपल्याला माफ केलेलं नाही, असं त्याला वाटलं.

"आबा, तुमचे हात टोचतात," ती म्हणाली. "आधी तुम्हाला तेल लावूया."

मग रोज तिने त्याचे भेगाळलेले तळवे चोळायचे, त्याने तिचा हात चोळायचा, असं ठरलं. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी तेल चोळता चोळता तिचा आखडलेला हात त्याच्या तळव्यावर सपाट टेकला. पाचही बोटं सरळ. कस्तुरी शाळेतलं काहीबाही सांगत होती, तिच्या लक्षातही आलं नव्हतं. भिकोबाने आपला हात तसाच धरून ठेवला.