तीन वर्षांचा उशीर

नर्सनं प्रणालीला स्ट्रेचरवरून आत नेलं, दार लागलं, आणि भागीरथाबाई जावयाला म्हणाल्या, "अजूनबी टाइम हाये, जवाईबापू. नाइ म्हना."

"मामी, सही झाली." अंकुरनं सासूला बाकावर बसवलं. "पोट फाडत नाहीत. बेंबीजवळ बारीकसं छिद्र, त्यातून दुर्बीण. खालून निळं औषध सोडतात. ते नळ्यांतून बाहेर आलं की नळ्या मोकळ्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

हे त्यानं तीन वर्षांत चारदा सांगितलं होतं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. अंकुर अकोल्याच्या शाळेत गणित शिकवायचा. त्यानं आधी स्वतःला तपासून घेतलं. त्याच्यात काही दोष निघाला नाही. मग डॉक्टरांनी प्रणालीची ही तपासणी सुचवली, आणि चांदूर बाजारहून भागीरथाबाई पहिल्या गाडीनं अकोल्यात येऊन थडकल्या. माह्या पोरीच्या पोटाले चाकू लावाचा नाइ! पुढच्या तारखेला त्या लेकीला माहेरी घेऊन गेल्या आणि दोन महिने पाठवलीच नाही. एकदा ऐन तारखेच्या दिवशी मोझरीच्या आश्रमात नेली. एकदा तर विहीणबाईंशी भांडल्या.

एकुलती एक लेक. आईचा जीव घाबरतो, म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं. शेवटी प्रणालीनंच अमरावतीच्या दवाखान्यातली तारीख घेतली, आणि आईला आदल्या संध्याकाळी कळवलं.

अर्ध्या तासाचा दीड तास झाला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"दोन्ही नळ्या बंद आहेत. औषध पुढे सरकलंच नाही. आत सगळं चिकटलंय, जुन्या टीबीसारखं दिसतंय. तुकडा तपासायला पाठवते. लग्नाआधी कधी टीबीचं औषध चालू होतं?"

अंकुरनं सासूकडे पाहिलं.

"नाइ," भागीरथाबाई म्हणाल्या. "माही पोरगी कधी साधी खोकललीबी नाइ."

"पोटाच्या टीबीत खोकला येतोच असं नाही. कित्येकींना पत्ताही लागत नाही. या नळ्या आता उपयोगाच्या नाहीत. टेस्ट ट्यूबचा मार्ग आहे, पण गर्भाशय आतून कसं आहे ते आधी बघावं लागेल. फार आशा दाखवत नाही."

त्या गेल्या तशा भागीरथाबाई पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. "मी अडवलं. तीन वर्सं मीच अडवलं हो."

अंकुर त्यांच्यापुढे उकिडवा बसला. त्याचेही डोळे भरले होते. "मामी, तीन वर्षांपूर्वीही हेच निघालं असतं कदाचित. तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

त्यावर त्यांना जास्तच रडू कोसळलं.

दुपारी प्रणालीला खोलीत आणलं. अंकुर औषधं आणायला खाली गेला. भागीरथाबाईंनी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला.

"काय म्हने डॉक्टर?" प्रणालीनं विचारलं.

"नळ्या बंद हायेत म्हने."

"कशानं?"

"देवाले मालूम, बाई."

प्रणालीनं आईचं मनगट धरलं.

"सकाळी डॉक्टरनं मलेबी इचारलं होतं, टीबीचं. मीबी नाइ म्हनलं. यायले सांगू नको, आई, कधीच. सहा महिन्याच्या गोळ्या होत्या. तू दुसऱ्याच महिन्यात बंद केल्या, पोरगी बिमार हाये हे पाह्याले येनाऱ्या पाहुन्यायले कळू नये म्हनून. ताकदीच्या होत्या, सरल्या, असं सांगितलं तू मले. मले तवाच मालूम होतं त्या कायच्या हायेत. मांगून घेतल्या असत्या तर तू देल्या असत्या." तिनं आईचं मनगट सोडलं. "पन यायचा फोटो पाह्यला होता ना मी."